शोभेच्या विहिरीत सिमेंट न ओतण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य व पेयजल अधिकारी,
टॅमरॅक काउंटी कार्यालय, दुसरा मजला,
नॉर्बी, विस्कॉन्सिन.

अर्जदार : श्रीमती आर्डिस टोलेफसन, वय ७४, निवृत्त कारकून, राहणार कूली रस्ता, नॉर्बी.

विषय : विहीर क्र. टी-४१७ (जी विहीर नाही) येत्या १८ ऑगस्टला सिमेंटने बुजवण्याचा आदेश रद्द होणेबाबत. ते शक्य नसल्यास सोबतचा नमुना क्र. ६ स्वीकारणेबाबत.

संदर्भ : १) आपला दि. ३ जूनचा आदेश. २) अर्जदाराची तीन पत्रे. ३) पहिल्या दोन पत्रांना आलेली आपली उत्तरे. ४) तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून आलेले डेप्युटी शेरीफ, व त्यांच्या मागोमाग आलेले आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही शाळा मंडळाच्या कार्यालयात एकतीस वर्षे कारकून होती. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे, फोनवर आवाज चढवू नये आणि अर्जात 'मी, मी' करू नये, हे ती तिथेच शिकली. त्यामुळे हा चौथा अर्जही ती शांत डोक्याने लिहीत आहे. अक्षर कापरे दिसत असल्यास ते वयामुळे आहे असे समजावे.

२. प्रकरणाची सुरुवात अशी. अर्जदाराची मुलगी रोंडा मॅडिसनला असते. ती दर रविवारी फोन करून म्हणे, "आई, पुढच्या हिवाळ्यात तू एकटी दारातलं बर्फ उपसत बसणार नाहीयेस, सांगून ठेवते." दर आठवड्याच्या या टोचणीला कंटाळून अर्जदाराने एप्रिलमध्ये घर विकायला काढले. मिलवॉकीचे ऑस्टरहाउट दांपत्य ते घ्यायला तयार झाले. जन्मभर नगरपालिकेचे पाणी प्यायलेली ही माणसे. विहिरीचे पाणी त्यांना आधीच नको वाटे. त्यांनी घर तपासायला श्री. लायल ग्रूटके यांना नेमले. ग्रूटके यांच्या गाडीवर छप्पर, पाया, घर तापवायची भट्टी, लाकूड पोखरणाऱ्या सुतारमुंग्या अशी जुन्या रंगातली यादी असून तिच्याखाली ताज्या रंगात 'विहीर निर्जंतुकीकरण, तपासणीसोबतच!' असे लिहिलेले आहे. ऑस्टरहाउट यांनी ग्रूटके यांच्या फॉर्मवर त्या चौकटीतही खूण केली. यात त्यांचा दोष काही नाही.

३. आता विहिरींविषयी. अर्जदाराच्या आवारात खरी विहीर एकच आहे. ती यंत्राने खोदलेली, १९७८ सालची, दोनशे दहा फूट खोल असून वर तिची फक्त लोखंडी नळी दिसते. अर्जदाराचे पती कै. व्हर्लिन यांना ती नळी डोळ्यांत खुपे, म्हणून त्यांनी तिच्यावर प्लास्टिकचा एक पोकळ दगड आणून ठेवला. शिवाय लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा त्यांनी अंगणात अर्जदारासाठी शोभेची विहीर बांधली. जुन्या गोठ्याचे दगड, वर देवदाराच्या फळ्यांचे छोटे छप्पर, साखळीला बादली. खाली काहीच नाही, अंगणाची माती. थोडक्यात, खरी विहीर दगडासारखी दिसते आणि जी विहीर नाही ती हुबेहूब विहिरीसारखी. यात व्हर्लिन यांचा दोष आहे, पण ते आता उत्तर द्यायला येऊ शकत नाहीत.

४. दि. १४ मे रोजी श्री. ग्रूटके यांनी क्लोरीनचे द्रावण शोभेच्या विहिरीत ओतले. आमच्या भागात निम्म्या घरी असली शोभेची विहीर खऱ्या नळीवरच बसवलेली असते, म्हणून नळी मातीखाली असेल असे ते धरून चालले. अर्जदार हे सारे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. पाहुणा आतल्या फुलझाडाला पाणी घालतो आहे असे तिला वाटले. झाडाला पाणी नको होते, आदल्या दिवशीच पाऊस झाला होता. पण घरी आलेल्या माणसाला टोकणे बरे दिसत नाही. उलट ती त्यांच्यासाठी कॉफी आणि रूबार्बच्या आंबटगोड पाईचा तुकडा घेऊन बाहेर गेली. विहिरीत पाणी नाही, माती आहे आणि त्या मातीत पिओनीचे झाड आहे, हे ग्रूटके यांनाही दिसत होते. पण यजमानीणबाईंना तसे तोंडावर सांगणे त्यांनाही बरे वाटले नाही. ते एवढेच म्हणाले, "छान ठेवलीय हो विहीर." अर्जदार म्हणाली, "ह्यांनी बांधली." मग दोघे हवामानावर बोलले. इथे कोणी कोणाला 'तुमचे चुकते आहे' असे म्हणत नाही, आणि या सगळ्या प्रकरणाचे मूळ तेवढेच आहे.

५. त्यानंतर ग्रूटके यांनी घरातले सगळे नळ सोडले. क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचे असते म्हणतात. वास आला नाही. ग्रूटके यांना सर्दी होती, त्यांनी दोष नाकाला दिला. पाच दिवसांनी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि पाणी निर्मळ ठरले. ते अठ्ठ्याहत्तर सालापासून निर्मळच आहे, पण श्रेय क्लोरीनला मिळाले. अर्जदाराची याला हरकत नव्हती. माणूस कष्टाळू आहे, छपरावरही स्वतः चढला होता.

६. पण त्यांच्या अहवालात 'विहिरीची खोली' असा रकाना होता, आणि प्रामाणिकपणे मोजफीत आत सोडून त्यांनी तिथे 'तीन फूट' असे लिहिले. आपल्या कार्यालयातल्या दक्ष व्यक्तीच्या लक्षात आले, की तीन फुटांच्या विहिरीतून अख्ख्या घराला पाणी येणार नाही. म्हणजे दुसरी विहीर असली पाहिजे. जुन्या दप्तरात ती सापडली. म्हणजे आवारात विहिरी दोन, त्यातली एक वापरात नाही. आणि वापरात नसलेली विहीर घर विकण्यापूर्वी सिमेंट भरून कायमची बंद करावी, असा नियम आहे. तर्कात कुठे खोट काढता येत नाही. अर्जदाराने नोकरीत असताना असे पत्र लिहिले असते, तर तिला अभिमान वाटला असता.

७. यानंतर अर्जदाराने जे जे खरे होते ते कळवले आणि दर वेळी गोष्ट आणखी बिघडत गेली. पहिल्या पत्रात तिने लिहिले, की ही विहीर नाही, तीत पाणी नाही. आपले उत्तर आले, की कोरडी विहीर तर आधी बुजवली पाहिजे. दुसऱ्या पत्रात तिने लिहिले, की आत नुसती माती आहे. आपले उत्तर आले, की ढासळलेली विहीर जास्त धोकादायक असल्याने काम अग्रक्रमाने घेण्यात येत आहे. ती विहीर नाही असे परवानाधारक विहीर खोदणाऱ्याने लिहून द्यावे, असेही आपण सुचवले. अर्जदाराने तीन जणांना फोन केले. तिघेही म्हणाले, की जी विहीर नाही ती तपासण्याचा परवाना त्यांच्याकडे नाही. एकाने तर विचारले, "काकू, बरं आहे ना सगळं?"

८. तेव्हा नाइलाजाने अर्जदाराने तिसऱ्या पत्रात ती गोष्ट लिहिली, जी तिने रोंडालाही सांगितली नव्हती. व्हर्लिन त्या विहिरीत आहेत. चार हिवाळ्यांपूर्वी ते गेले. चर्चच्या दफनभूमीत मोकळी जागा होती ती आमचे जुने शेजारी एग्रा मंडळी यांच्या कबरींलगत, आणि व्हर्लिन यांनी इस्पितळात बजावले होते, "तिथं नको गं ठेवूस. जन्मभर चुकवली त्यांची बडबड, आता मेल्यावर ऐकू का? तुझ्या त्या विहिरीत टाक मला." म्हणून त्यांची राख अर्जदाराने स्वतःच्या हाताने त्या मातीत मिसळली आणि वर पिओनी लावली. त्यासाठी कोणाची परवानगी लागते का, हे तिने विचारले नाही. एकतीस वर्षे प्रत्येक गोष्टीला परवानगी मागितल्यावर एकदा तिला विचारावेसे वाटले नाही.

९. या पत्रावर आपल्या कार्यालयाने 'विहिरीत माणूस' एवढेच वाचून शेरीफ कार्यालयाला कळवले असावे. दि. २२ जुलै रोजी डेप्युटी शेरीफ ड्वाइट स्लामा दोर आणि विजेरी घेऊन आले. ते अर्जदाराच्या मंडळाच्या शाळेचेच जुने विद्यार्थी. टोपी काढून म्हणाले, "काकू, विहिरीत कोणी आहे म्हणतात." अर्जदार म्हणाली, "हो, व्हर्लिन." ते म्हणाले, "कधीपासून?" ती म्हणाली, "चार वर्षं झाली." श्री. स्लामा यांनी आत वाकून विजेरीने पाहिले. मग म्हणाले, "झाडाला काय झालं हो?" पिओनीची पाने मे महिन्यातच पांढरी पडून गळाली होती, देठ काळे झाले होते. दोन महिन्यांत हे झाड पाहून त्याच्याविषयी विचारणारा हा पहिला माणूस. अर्जदाराला तिथेच रडू कोसळले, हेही ती नोंदीसाठी कळवते. श्री. स्लामा यांनी दोर परत गाडीत ठेवला आणि अहवालात 'तक्रारीत तथ्य नाही' असे लिहिले.

१०. त्यावर आपले पत्र आले, की विहिरीत मानवी अवशेष असल्याचे मालकाने स्वतः मान्य केल्याने ती दूषित गणली जाईल, आणि बुजवण्यापूर्वी तिचे निर्जंतुकीकरण करावे लागेल. आपण ते काम श्री. ग्रूटके यांनाच सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज फार खाली गेला होता. ते म्हणाले, "टोलेफसनबाई, मला कल्पनाच नव्हती हो. मी पुन्हा नाही ओतणार, दुसऱ्या कोणाला सांगा म्हणावं त्यांना." त्यांना क्षमा केल्याचे अर्जदाराने त्यांना सांगितले आहे. पाई आणखी हवी असेल तर या, असेही सांगितले आहे.

११. दरम्यान अर्जदाराने घराचा व्यवहार मोडला. ऑस्टरहाउट यांनी समजून घेतले. रोंडाला फोनवर सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, "बर्फ काढायला मी येत जाईन." म्हणजे आता विक्री नाही, विकत घेणारे नाहीत, पाण्याबद्दल कोणाची तक्रार नाही. आदेश मात्र जागच्या जागी आहे. आपल्या कार्यालयातल्या बाई फोनवर अगदी मायेने म्हणाल्या, "आमच्या यादीत एकदा चढलं ना, की ते बुजल्याशिवाय खाली उतरत नाही हो." १८ तारखेला सकाळी सिमेंटची गाडी येणार आहे.

१२. महोदय, अर्जदाराला भीती वाटते. झाड गेले ते गेले, त्याची मुळे अजून जिवंत असतील असा तिला भरवसा आहे. पण सिमेंटखाली काहीही उगवत नाही, आणि सिमेंटच्या ठोकळ्यापाशी बसून रोज बोलणे तिला जमणार नाही. चार वर्षे ती रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्या कठड्यावर बसते आणि व्हर्लिन यांना पाऊस, कोणाची गाय व्याली, रविवारच्या सामन्यात कोण हरले, असे सगळे सांगते. ते हयात असताना रोज संध्याकाळी साखळीची बादली खाली सोडून म्हणत, "आजपण कोरडीच गं, आर्डिस." ती तेव्हा हसत नसे. आता हसते.

१३. म्हणून अर्जदार यापुढे ती विहीर नाही असे म्हणणार नाही. आपण जिंकलात, ती विहीर आहे. मात्र आपल्या नियमानुसार बुजवायची ती फक्त वापरात नसलेली विहीर. वापरातल्या विहिरीसाठी वार्षिक नमुना क्र. ६ भरून द्यावा लागतो. तो अर्जदाराने सर्व रकान्यांसह भरून सोबत जोडला आहे. तो दाखल करून घ्यावा आणि गाडी माघारी बोलवावी, एवढीच प्रार्थना.

दि. ११ ऑगस्ट

आपल्याच यादीतील विहीर क्र. टी-४१७ ची मालकीण,
(सही) आर्डिस टोलेफसन

सोबत :
१) श्री. ग्रूटके यांचे निर्जंतुकीकरण प्रमाणपत्र, मूळ प्रत.
२) डेप्युटी शेरीफ यांच्या अहवालाची प्रत.
३) पिओनीचे छायाचित्र, गेल्या वर्षीच्या जूनमधले.
४) नमुना क्र. ६, वापरातील विहिरीसाठी, पुढीलप्रमाणे भरलेला.
विहिरीची खोली : तीन फूट.
पाणी : नाही.
वापर : दररोज, सकाळी.
वापरणाऱ्या व्यक्ती : दोन.