सीट दोन बोटं खाली

रविवार, संध्याकाळ

डावी करंगळी अजून बधिर आहे. सकाळपासून चोळतेय. रोड बाइक, म्हणजे ती बारीक टायरची वेगवान सायकल, घेऊन दोन महिने झाले, पण सुखाने बसले असेन तर शपथ. पॅडवाली शॉर्ट घेतली, जेलचे हातमोजे घेतले, तरी आज उरवडे गावाच्या अलीकडे हातांना अशा मुंग्या आल्या की ब्रेक दाबलाय का तेच कळेना. चिडून उतरले.

रात्रपाळी संपवून घरी निघालेले एक काका आपल्या जुन्या काळ्या सायकलवरून येत होते. थांबले. माझ्याकडे नाही, सीटकडे बघितलं.

"लई वर हाय ओ ताई. सगळा भार हातावर पडतोय. बसायचं हाय का लोंबकळायचं?"

माझाच पाना घेऊन त्यांनी सीट दोन बोटं खाली केली.

दोन बोटं! एवढंच? परतताना हात हलके, मान मोकळी, करंगळीसुद्धा जागी झाली. आणि ती सीट वर केली होती कुणी? मीच. पहिल्याच आठवड्यात. सोसायटीच्या सायकल ग्रुपच्या फोटोत सगळ्यांच्या सीट हँडलपेक्षा उंच दिसतात म्हणून. कुणी सांगितलंही नव्हतं.

पुढचं लिहायला लाज वाटते. नांद्याच्या चौकात ग्रुप चहाला थांबला असणार, हे ऐन वेळी आठवलं. वळणाच्या अलीकडे उतरले, पाना काढला आणि सीट पुन्हा दोन बोटं वर केली.

चौकात कुणीच नव्हतं. तरी घरापर्यंत तशीच लोंबकळत आले.