पकड शंभर टक्के

४ जानेवारी, सोमवार. सकाळ.
नवीन डायरी. मागच्या वर्षीची जानेवारीतच बंद पडली, पण त्यात माझा दोष नव्हता. पेन गळत होतं.
संकल्प: रोज पाचला उठणे. (आज साडेसात. थंडी.) मेहुण्याशी वाद न घालणे. क्लॅम्प पुरा करणे. फोरमन होणे.
क्लॅम्प झाला की शेवटचा संकल्प आपोआप होईल. म्हणजे मेहनत तशी कमीच आहे.

दुपार. फोरमन महिनाअखेर निवृत्त होतायत. पंचवीसला हेड ऑफिसचे साहेब येणार, काम बघणार आणि नवा फोरमन नेमणार. फोरमनच्या हाताखाली अख्खं वर्कशॉप आणि रिग, शिवाय कोपऱ्यावरचं तीन खोल्यांचं क्वार्टर. आम्ही दीड खोलीत. त्यातल्या अर्ध्या खोलीत मी डायरी लिहितो आणि सौ. कपडे वाळत घालते. या क्षणी माझ्या नाकासमोर माझंच ओलं बनियन लोंबतंय. फोरमनच्या नाकासमोर बनियन लोंबत नसणार.

५ जानेवारी.
क्लॅम्पविषयी नीट टिपून ठेवतो, पुढे इतिहासाला लागेल.
तेलाच्या विहिरीचं तोंड घागरीएवढं, आणि खोली अशी की तळाला काय चाललंय ते तळालाच ठाऊक. आत सोडलेली लोखंडी अवजारं वर ओढायला आमचे लोक अजून साखळीचे वेढे घालतात. वेढा सुटला की अवजार तळाला. मग गळ टाकून दिवसच्या दिवस चाचपडत बसायचं. याला इथे मासेमारी म्हणतात आणि ती करताना कुणी हसत नाही.
माझा क्लॅम्प: दोन जबडे, मधे स्क्रू. अवजाराच्या मानेला जबडे लावायचे, दांडा फिरवायचा, स्क्रू आवळत जातो. वर बोल्टने बसवलेली कडी, कडीत दोराचा हुक. संपलं. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं. वाईट मात्र वाटत नाही.
साहेब येईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. फक्त वेल्डरला सांगितलं, कारण वेल्डिंग त्याच्याकडूनच करून घ्यायचंय. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. आणि चहावाल्याला, कारण तो माझ्याकडे बघत होता.

८ जानेवारी.
आज रिगवर पंप चढवला. मी स्टोअरकीपर, त्यामुळे स्टोअरमधून जाणारा माल बांधणं माझ्याकडे. इथे एक पोरकट पद्धत आहे. बांधणाऱ्याने ओरडायचं, "बांधलं!" सुपरवायझरने खाली येऊन हात लावून बघायचं आणि ओरडायचं, "पाहिलं!" मगच दोर हलतो. पुढे काही झालं तर जबाबदारी "पाहिलं" म्हणणाऱ्याची.
सुपरवायझर म्हणजे माझा मेहुणा, सौ.चा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा सौ.नेच त्याला वाढवला, म्हणून त्याचं फार कौतुक. इतरांची बांधणी तो गाठ न् गाठ चाचपून बघतो. माझी असली की वरच्या मचाणावरूनच "पाहिलं" म्हणतो. ठिणगीने विचारलं तर म्हणाला म्हणे, भाऊजींच्या कामावर मी कसा हात फिरवू, बरं दिसतं का ते?
शिडी उतरायचा कंटाळा, दुसरं काय. फोरमन झाल्यावर सांभाळून घेईन.

१२ जानेवारी.
क्लॅम्प तयार! ठिणगीचं वेल्डिंग उत्तम. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो. तो मधेच कानात कापूस घालून आला, धुरामुळे असावं.
घरी चाचणी घेतली. विहिरीचं अवजार घरी नसल्यामुळे भरलेलं गॅस सिलेंडर घेतलं. मानेला क्लॅम्प आवळला, पंख्याच्या हुकातून दोर ओवला, ओढलं. सिलेंडर हवेत. मला भरून आलं.
सौ. म्हणाली, भरून येऊ दे, पण आधी खाली घ्या, मला भात लावायचाय.
खाली घेतलं. क्लॅम्प सुटेना. रेग्युलेटर बसवायच्या जागीच जबडे. मी ओढलं, तिने ओढलं, शेजारच्यांनी ओढलं. शेवटी मेहुण्याकडे जेवायला गेलो. जेवण झाल्यावर तो ग्रीस आणि लांब पाइप घेऊन आला आणि दांड्याला पाइप लावून त्याने स्क्रू फिरवला. सुटला. मी तोवर बराच सैल करून ठेवला होता.
निकाल: पकड शंभर टक्के. सोडवणं हा वेगळा विषय आहे.

१३ जानेवारी.
मेहुण्याने क्लॅम्प उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, भाऊजी, पकड झकास आहे. पण वजन लागलं की दोराचा पीळ उलगडतो आणि भार गरगर फिरतो. त्या फिरण्याने कडीचा बोल्ट हळूहळू सुटत येईल. बोल्टात आडवी पिन घाला, म्हणजे तो फिरणारच नाही.
हत्तीएवढा शोध समोर ठेवला आणि याला दिसली काय, तर पिन! जळतो. तरीही वाद न घालण्याचा संकल्प आठवून वाद थोडक्यात आटोपला. पिन घातली.

१७ जानेवारी, रविवार.
पाचला उठायचं होतं. गजर झाला. सौ. उठली.
फोरमनच्या क्वार्टरवर जाऊन पडद्यांसाठी खिडक्या मोजून आलो. सौ. यायला तयार नव्हती. म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. फोरमनच्या बाईंनी चहा दिला आणि विचारलं, तुमच्या मेहुण्याचं नक्की झालं वाटतं? किती वेळा म्हटलं, मेहुण्याचं नाही, माझं. त्या नुसत्या हसल्या आणि आणखी एक बिस्किट पुढे केलं. आता वय झालं, नात्यांचा घोळ व्हायचाच.

२० जानेवारी.
क्लॅम्पला लाल रंग दिला. कडीखाली पितळी पट्टी लावून तिच्यावर माझं पूर्ण नाव कोरून घेतलं. दिमाख बघावा!
एकच अडचण. मेहुण्याची ती पिन नेमकी आडनावाच्या शेवटच्या दोन अक्षरांवर येते. उरलेलं आडनाव वाचलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. हे त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण डायरीत लिहून ठेवतो.

२४ जानेवारी.
रंगीत तालीम. मेहुणा एकदाचा शिडी उतरून आला. जबडे, स्क्रू, बोल्ट, पिन, सगळ्याला हात लावून पाहिलं. म्हणाला, भाऊजी, उद्या मस्त होणार. मग ताईला सांगून ठेवा, उद्या तुमच्याकडे जेवायला येतो, असंही म्हणाला. अभिनंदन करायला येत असणार. बरं वाटलं.
सौ.ने कोटाला इस्त्री केली.

२५ जानेवारी, सोमवार. सकाळी सात.
उठलो. (आज पाच वाजता उठणं धोक्याचं होतं. डोळे सुजतात, फोटोत दिसतं.) साहेबांना समजावून सांगायचं भाषण पाठ आहे. शेवटी नम्रपणे थांबायचं आणि त्यांना टाळ्या वाजवायला जागा ठेवायची.

दुपार.
आत्ता लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

संध्याकाळ.
घडलं ते असं. साहेब विहिरीपाशी आले. मी पट्टी दाखवली. साहेबांनी चष्मा लावून नाव वाचलं आणि आडनाव चुकीचं वाचलं. अशा वेळी माणसाने काय करावं? मी पिन काढून कोटाच्या खिशात टाकली. साहेबांनी पुन्हा वाचलं, आता बरोबर. म्हणाले, छान. मी भाषण सुरू केलं. ते म्हणाले, आधी चालवून दाखवा. त्या घाईत मी ओरडलो, "बांधलं!"
मेहुणा वर मचाणावर. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि ओरडला, "पाहिलं!"
अवजार आत गेलं. तळाला टेकलं. वर ओढायला सुरुवात झाली. दोर फिरत होता, छान फिरत होता. साहेब बघत होते. मी टाळ्यांसाठी थांबलो होतो.
वर कडी आली.
नुसती कडी. खाली काही नाही. मग विहिरीतून, बऱ्याच वेळाने, एक आवाज आला. साहेब वाकून आत बघायला लागले. आत काय दिसणार?
मेहुणा जेवायला आला नाही. सौ.ने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं.

२६ जानेवारी.
शांतपणे विचार केला. कारणं अनेक आहेत. दोर जुना. वारा. साहेब ऐन वेळी खोकले, त्याने चित्त विचलित होतं. विहीरही जरा तिरकीच असावी. सौ.ला सगळं समजावलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तांत्रिक गोष्टी बायकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
झेंडावंदन आटोपताच चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "पाहिलं" कोण म्हणालं? मेहुणा म्हणाला, मी. बोल्टात पिन होती का? तो म्हणाला, पाहिलं मी म्हणालो, जबाबदारी माझी. बस. मला कुणी काही विचारलंच नाही. माझ्या तांत्रिक ज्ञानाला ते बिचकत असावेत. माझी कारणं सगळी तयार होती.

२८ जानेवारी.
मासेमारी सफल! कालपासून गळ टाकत होते, आज अवजार वर आलं, आणि त्याच्या मानेला माझा क्लॅम्प, लाल, जसाच्या तसा! जबडे तसूभर हललेले नाहीत. ठिणगीने घाव घातले तरी सुटला नाही. साहेब स्वतः म्हणाले, पकड मात्र जबरदस्त आहे. माझं नाव त्यांनी पुन्हा वाचलं, मोठ्याने.
सौ.ला सांगायला धावत घरी आलो. ती घरी नव्हती. भावाकडे गेली होती.

२९ जानेवारी.
निकाल लागला. फोरमन बाहेरून येणार. ठीक आहे, साहेबांना माझा विसर पडला असेल.
दुपारी सौ. सांगायला लागली. ऑर्डर महिनाभर आधीच ठरली होती. फोरमन म्हणून तिच्या भावाचं नाव होतं. सगळ्यांना माहीत होतं, फोरमनच्या बाईंना, ठिणगीला, चहावाल्यालाही. मला वाईट वाटेल म्हणून त्यानेच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. पंचवीसला जेवायला येऊन तो स्वतःच मला हळूच सांगणार होता. आता ऑर्डर बदलली. त्याला दूरच्या फील्डवर, साध्या कामगाराच्या जागी पाठवतायत.
मग तिने कोट आणून समोर ठेवला आणि खिशातून पिन काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, त्याला माहीत आहे. वर आलेली कडी पाहिली, तेव्हाच कळलं त्याला. मी म्हटलं, मग साहेबांना सांगितलं का नाही? ती म्हणाली, भाऊजींचं नाव कसं घेऊ म्हणाला.
मला लाज वाटली. लिहिताना विचित्र वाटतंय, पण वाटली. माझ्या सगळ्या कारणांतलं एकही त्या पिनेशेजारी ठेवून बघवत नाही.
ऑर्डर अजून साहेबांच्या बॅगेत आहे. ते रविवारपर्यंत गेस्ट हाउसवर आहेत. उद्या सकाळी जाऊन स्पष्ट सांगणार: तपासताना पिन होती, नंतर मी काढली, माझ्या नावासाठी. पक्कं.

३० जानेवारी, शनिवार.
गेस्ट हाउसवर गेलो. साहेबांनी स्वतः खुर्ची दिली. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, तुमच्यासारखी कल्पक माणसं कंपनीला हवीत, तुमचा क्लॅम्प आम्ही सगळ्या रिगवर देणार आहोत. चहा मागवला. चहा पिताना असले विषय काढणं शिष्टाचाराला धरून नाही. मग त्यांनी नाव नीट लिहून मागितलं. मी लिहून दिलं. मग फोन आला. मग मी निघालो.
अख्ख्या कंपनीच्या रिगवर माझा क्लॅम्प! ही बातमी घेऊन घरी आलो. दारातून पाहिलं, सौ. भावाची ट्रंक भरत होती, लोकरी मोजे तिच्या कोपऱ्यात खुपसत होती. तो बाजूला बसून म्हणत होता, ताई, पुरे, तिथे काही बर्फ पडत नाही. मला पाहून उठला, म्हणाला, या भाऊजी, बसा.
बातमी सांगितली नाही. ठिणगीलाही नाही, चहावाल्यालाही नाही.

३१ जानेवारी, रविवार. सकाळ.
पाचला जाग आली. खरंच.
सौ.ने विचारलं, साहेबांना सांगणार आहात का? म्हटलं, सांगणार म्हणजे सांगणारच, फक्त शब्द नीट जुळवून घेतो, अशा गोष्टी घाईत बोलून चालत नाहीत. ती म्हणाली, साहेबांची गाडी नऊला सुटते.

साडेनऊ.
कोट घालून तयार आहे. निघालोच.