सातवा प्रश्न

प्रिय ताई,

चार वर्षांनी माझं पत्र बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत. आधी ऑफिसची बातमी. आपण दोघींनी काढलेली ही एक दिवसाच्या सहलींची कंपनी अजून बुडालेली नाही. भिंतीवर तोच नकाशा आहे, शहराभोवती तू लाल पेन्सिलीने काढलेल्या वर्तुळासकट. जायला दोन तास, यायला दोन, त्यापलीकडे माणसं कंटाळतात, हे तुझंच गणित. सकाळी चीजवाल्या म्हाताऱ्याकडे, मग पाववाल्याची भट्टी, आणि दुपारचं जेवण व वाइन तुमच्या द्राक्षमळ्यावर. उपाशीपोटी कुणाला वाइन द्यायची नाही, हा तुझा नियमही मी मोडलेला नाही.

हो, तुमच्याच मळ्यावर. तू मळेवाल्याशी लग्न करून निघालीस आणि मी लग्नाला आले नाही. मला एकटीला टाकून गेलीस म्हणून डोकं फिरलं होतं माझं. पण ट्रिप तिथून हलवायचं मन झालं नाही. मी इथेच बसते, माणसं गाइडबरोबर पाठवते आणि जेवण झालं की तिथेच टेबलावर फॉर्म भरून घ्यायला लावते.

त्या फॉर्मची गंमत ऐक. आधी तीनच प्रश्न होते: जेवण कसं, वाइन कशी, बस कशी. मग मला राहवेना. चौथा घातला, स्वयंपाक कोणी केला? पाचवा, त्या बाई हसल्या का? सहावा, मीठ कमी होतं का? तुझा हात मिठाला आखडता, ठाऊक आहे मला. गाइड म्हणतो, ही सहल आहे की पोलीस चौकशी! लोक मात्र भरभरून लिहितात. तू केस कापलेस हे मला एका दातांच्या डॉक्टरांकडून कळलं.

गेल्या महिन्यात कुणीतरी लिहिलं, बाई डाव्या हाताने वाइन ओततात, छान दिसतं. तू तर पक्की उजव्या हाताची! पण इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने फोन करायचा? गाइडला विचारावं, तर त्याचं लक्ष ताटात. म्हणून सातवा प्रश्न घातला, बाईंचा उजवा हात कसा आहे? तीन आठवडे कुणाला धड सांगता येईना. एका शहाण्याने तर ‘सुंदर’ असं लिहिलं. मेला!

काल गठ्ठ्यात एक फॉर्म निघाला. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं. बाकी सगळं कोरं, फक्त सातव्यापुढे लिहिलेलं: भोचकभवानी, उजवा हात चालत नाही, तोंड चालतं. स्वतः येऊन बघ. मला या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस आहे. टेबलावर डोकं ठेवून रडले गं मी, गाइडच्या देखत.

म्हणून हे पत्र. रविवारच्या बसमध्ये गाइडमागची जागा माझी आहे. साडेबाराला फाटकाशी पोचू. फॉर्म आणत नाही. वाइन मी ओतेन, तू नुसती बसून राहा. आणि मीठही मीच घालणार.

तुझीच,
भोचकभवानी