तिसऱ्या बटणाचा लाल दोरा

मी, खाली सही करणारा निवृत्त कर्नल, वय एकोणपन्नास, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. घरात त्याविषयी मतभेद आहेत.

१. माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते मी चोविसाव्या वर्षी, चढाईच्या आदल्या दुपारी, काडतुसांच्या पेटीवर कागद ठेवून लिहिले. तसा सगळ्यांनाच हुकूम होता. त्यात सायकल, ट्रंक आणि उरलेला पगार मी 'छावणीजवळच्या शिंप्याच्या धाकट्या मुलीस' दिला होता. मी निवृत्त झाल्यावर कचेरीने तो कागद इमानेइतबारे घरी पाठवला. पत्नीने तो उघडला. पत्नी ही त्याच शिंप्याची थोरली मुलगी.

मी समजवायला गेलो, तर म्हणाली, "पुरावा काय?" त्यानंतर तीन आठवडे अबोला आहे. मेहुणी मात्र रोज फोन करते, "भाऊजी, माझी सायकल कधी पाठवताय?"

२. राहते घर व त्यातले सर्व काही पत्नीस.

३. दुर्बीण मोठ्या भावास. ती अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे. दिली म्हणजे मागायची कटकट संपली.

४. शौर्यपदक गावच्या शाळेस. नकाशात नदी डोंगरावर चढवली म्हणून मास्तरांनी मला तिथे बाकावर उभे केले होते. पदक त्या बाकासमोर लावावे. प्रशस्तिपत्र लावू नये. त्यात 'दोन दिवस निर्भयपणे खिंड लढवली' असे आहे. लढवली हे खरे. पण मी सारखा देवाचा धावा करत होतो. शेवटी वायरलेसवाला म्हणाला, "साहेब, मशीन चालूच राहिलंय. सगळी पलटण तुमच्याबरोबर नामस्मरण करतेय."

५. लढाईतला जाड कोट पत्नीस. हा सारा खटाटोप याच कलमासाठी. त्याचे तिसरे बटण लाल दोऱ्याने शिवलेले आहे. आघाडीवर निघण्याआधी दुकानातली एक मुलगी म्हणाली होती, "हिरवा दोरा संपलाय. लाल चालेल? लढाईत कोण बघतंय!" नाव विचारायचे धैर्य झाले नाही. दोघी बहिणींत ती बुटकी, म्हणून तीच धाकटी असे मी धरून चाललो. पुढे थोरलीचे स्थळ आले. मान वर करून पाहिले, तर तीच! माझी चूक देवाने परस्पर दुरुस्त केली होती.

लग्नापासून ती म्हणत आली, "हा दोरा बदलू द्या हो, शोभत नाही," आणि मी म्हणत आलो, "राहू दे." बटण कोणी शिवले ते ती विसरली आहे. तिने टाका नीट पाहावा. तो डावखुऱ्या हाताचा आहे, आणि दोघी बहिणींत डावखुरी ती एकटीच.

ठिकाण: घरचा व्हरांडा (तूर्त माझा मुक्काम इथेच)
दिनांक: निवृत्तीनंतरचा सातवा रविवार
सही: निवृत्त कर्नल

साक्षीदार:
१. वायरलेसवाला. मजकूर मनातल्या मनात वाचला.
२. मेहुणी. सायकलीवरचा हक्क सोडून.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

टाका माझाच आहे. सैल झालाय. कोट घेऊन आत या. लाल दोरा आहे घरात.
बुटकी थोरली