चेनकव्हरमधलं रबर

आबा, त्या सकाळी मी विडीची पानं भिजत घालून अंगणात भांडी घासत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. नळाला पाणी आलं होतं आणि आई हंडे भरत होती. तुमच्या गिरणीला सुट्टी होती. तुम्ही सायकल उलटी करून ठेवलीत आणि मला हाक मारलीत, "हिकडं ये. माजी बोटं जाड, आत शिरंनात."

चेनकव्हर सैल झालं होतं. खडबडीत रस्त्यावर ते फ्रेमच्या नळीवर आपटायचं, टक टक, टक टक. समोरची म्हातारी हसायची, "आला गं तुजा बा, घोडा घेऊन." तुम्हाला त्याची लाज वाटायची. मला मात्र त्या आवाजाचाच आधार होता.

नवरा गेल्यावर मी तुमच्याकडे परत आले. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवरून लावायला शिकले होते, मग शेजारच्या शिक्षिकेकडून पुस्तकं आणू लागले. वाचताना तेवढा वेळ मी मनानं मंगळवेढ्याच्या सासरच्या घरात, आजारी नवऱ्याच्या अंथरुणापाशी नसायची. पहिलं पुस्तक सापडलं तेव्हा तुम्ही ते पाण्याच्या चुलीत घातलंत. "नवरा जाऊन वरीस न्हाय झालं आन् ही गोष्टी वाचतीया. परत दिसलं तर धाडीन दिराच्या दारात." त्या दाराची मला काय भीती होती, ते मी आईलाही पुरतं सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून पुस्तक विड्यांच्या सुपात, पानांखाली असायचं. भोंगा झाल्यावर तुम्ही कधी लगेच यायचात, कधी तासाभरानं. बोळाच्या तोंडाशी टक टक ऐकू आली की मी पुस्तक झाकायची. तुम्ही दारात येईपर्यंत हातात पानं कापायची कात्री असायची.

आणि आता तो आवाज मीच बंद करायचा. तुम्ही जुन्या ट्यूबचा तुकडा कापून देता. मी तो नळी आणि कव्हरच्या मध्ये सरकवते आहे. नट मी मुद्दाम सैल ठेवते. तुम्ही सायकल सरळ करता, मागचं चाक उचलून आपटता.

"वाजतंय की अजून. आवळ."

मी आवळते. तुम्ही परत आपटता. काही वाजत नाही.

"ब्येस," तुम्ही म्हणता. "आता मी आलेला कुणाला कळायचं बी न्हाय."

त्या दुपारी मी सुपातून पुस्तक काढलंच नाही. दाराकडे तोंड करून विड्या वळत बसले.

तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सायकल लगेच परत वाजू लागली, ती तुमच्या शेवटापर्यंत वाजत होती. आई म्हणायची, "नीट करून घ्या की ओ एकदा." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणायचात, "वाजू दे. घरात कळतंय तरी." अजूनही बाहेर सायकल खडखडली की माझा हात पुस्तक झाकायला जातो. आता घरात विचारणारं कुणी नाही, तरी जातो.

हा कागद मी पुस्तकातच ठेवणार आहे. आबा, नट आपोआप सैल झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी, तुम्ही न्हाणीत असताना, मी नट सैल करून ते रबर ओढून काढलं आणि पाण्याच्या चुलीत घातलं. जळक्या रबराचा वास न्हाणीपर्यंत गेला होता.