माझ्या खुज्या टोमॅटोचे वारस

मी, व्हेलिच्का गांचेवा, वय एकोणऐंशी, राहणार प्लॉव्दिव्ह, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. आणि दडपणाखाली सही करण्याची सवय मला कधीच नव्हती.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक भाची नेवेना हिला. तिच्या नवऱ्याने बाल्कनी काचेने बंद करू नये. रोपांना वारा लागतो.

२. फुलं उघडायचा चिमटा आणि भिंगही तिलाच. ती शाळेत शिकवते. या दोन्ही वस्तू शाळेतल्या मुलांच्या हाती द्याव्यात, कपाटात ठेवू नयेत.

३. अस्सेनोवग्रादचा आईचा मळा नेवेनाला, पण तो विकायचा नाही. कारण सांगते.

१९७६ साली संशोधन केंद्रात मला टोमॅटोचं एक खुजं रोप सापडलं. आमचे प्रमुख रादुलोव यांच्याकडे आधीच एक होतं. ते म्हणाले, "अहो कॉम्रेड, खुजं ते खुजंच. दोघांचा दोष एकाच जनुकात. तुमचं टाकून द्या." आणि नोंदवहीत माझ्या वाणावर काट मारली.

मी दोन्हींचं बी मळ्यात लावलं. माझ्या खुज्याच्या कळ्यांतले पुंकेसर काढले, त्यांच्या खुज्याचा पराग लावला, वर कापडी पिशव्या बांधल्या. दोष एकाच जनुकात असता, तर पोरं खुजीच निघाली असती. वेगवेगळ्या जनुकांत असेल, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पुढच्या उन्हाळ्यात तेवीस रोपं आली. तेवीसही माझ्या खांद्याच्या वर!

"शेजारणीच्या उंच झाडांचा पराग उडून आला असणार," रादुलोव म्हणाले.

"तसं असेल तर यांच्या बियांतून चारात एक खुजं निघेल. माझं खरं असेल तर दोन जनुकांतलं कुठलंही एक बिघडलं तरी खुजं, म्हणजे सोळांत सात. पुढच्या वर्षी या मोजायला."

आले. एकशे साठ रोपांत बहात्तर खुजी. बूट चिखलात घालून त्यांनी स्वतः दोनदा मोजली. मग म्हणाले, "नोंदवही आणा." काट खोडून लिहिलं: वेगळं जनुक. शोध, गांचेवा.

माफी मात्र मागितली नाही. ती बाकी मी सोडलेली नाही. या कागदानेही सुटत नाही.

४. तो वाण दर चार वर्षांनी मळ्यात पेरून बी ताजं ठेवावं. मागेल त्याला फुकट द्यावं. "तुमच्यावर विश्वास नाही, मी स्वतः करून बघतो," असं जो म्हणेल, त्याला दुप्पट द्यावं.

वाचून, समजून, खुशीने सही केली.
व्हेलिच्का गांचेवा

समक्ष साक्षीदार: स्टॅम्येन कोलारोव (शेजारी) व डॉ. राल्यित्सा पेयेवा
प्लॉव्दिव्ह, ४ मे २०१९