पांढऱ्या डब्याखाली

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.१०

आजपासून रोजनिशी. हे काम कसं झालं असं पुढे लोक विचारतील, तेव्हा तपशील हाताशी हवेत.

काम: बायकोच्या क्लिनिकची पाटी. चार फूट बाय दोन फूट, पितळी पत्रा, अक्षरं आरपार कापलेली, मागे दिवा. नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या क्लिनिकांत लोकांचे गुडघे आणि खांदे हलवतेय. आता स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक. उद्घाटन २४ तारखेला, सकाळी दहा.

तिच्या मैत्रिणीने कुणी एक डिझायनर सुचवला होता. मी म्हटलं, घरात डिझायनर असताना? तिने त्या डिझायनरचा नंबर फ्रिजवर चिकटवला. मग म्हणाली, ठीक आहे, पण एवढं एक काम वेळेवर दे, आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. 'एक' वर जरा जास्तच जोर होता. लक्ष दिलं नाही.

पत्रा एकच आहे. मापाचा मागवला, यायला महिना गेला. दुसरा वेळेत येणार नाही. लागणारही नाही.

अकरा वर्षं लेबलं, खोकी, पत्रिका केल्या. कापायचं काम पहिलंच. पण त्यात काय, शाईच्या जागी लेझर.

संकल्प: १५ तारखेला फाइल लेझरवाल्याच्या हातात.

५ मार्च. दुपारी ३

अक्षरांच्या डावीकडे मणक्यांची बाकदार माळ. कल्पना माझी. सुंदर.

सॉफ्टवेअर आडवं येतंय. बाकदार रेषेवर मणके समान अंतराने बसवायची सोयच नाही. कंपनीच्या सूचना-पानावर विनंती क्रमांक ४१ टाकली. आधीच्या चाळीस विनंत्यांना मिळून एकेचाळीस मतं आहेत. चाळीस माझी. उरलेलं बहुधा कुणाच्या हातून चुकून पडलं असावं, पण मी ते धरतो.

दुपारी ४.३०. उत्तर आलं. कुणी एक लिहितो की ही सोय चार आवृत्त्यांपासून आहे, उजवीकडून दुसरा मेनू, खालून तिसरी ओळ. उद्धट माणूस. चार आवृत्त्या लपून बसते तिला सोय म्हणत नाहीत. मणके हातानेच बसवणार.

७ मार्च. सकाळी ८

बायकोने स्क्रीनवर बोट ठेवून मणके मोजले. एकवीस. म्हणाली, मान, पाठ, कंबर मिळून चोवीस असतात. मी म्हटलं, पाटीवरचे मणके कोण मोजतंय? ती म्हणाली, मी. आणि डबा उचलून कामाला गेली.

नवीन माळ करावी लागेल. जुनी पुसणार नाही. केलेलं काम मी कधीच पुसत नाही, न जाणो परत लागलं तर. जुन्यावर पांढरा चौकोन ठेवायचा आणि त्यावर नवीन काढायचं. याला मी पांढरा डबा म्हणतो. अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला डब्याखाली काय आहे ते कळलेलं नाही. कागदावर जे दिसतं तेच छापलं जातं. याला म्हणतात अनुभव.

१० मार्च. सकाळी ११

उद्घाटनासाठी सासूबाई आल्या. तीस वर्षं शिवणकाम केलंय. माझ्या खुर्चीमागे वेताचा मोडा घेऊन बसतात आणि सुईत दोरा ओवत स्क्रीनकडे बघतात. काही बोलत नाहीत. तेच जास्त त्रासदायक.

आज अक्षरं तीनदा बदलली. 'क्लिनिक' आधी जाड, मग बारीक, मग परत जाड. दोन डबे. बायकोने पाटीवरची क्लिनिकची वेळ बदलली, संध्याकाळी पाचऐवजी साडेचार. आणखी एक डबा.

पाचव्या दिवसापर्यंत निम्मं काम व्हायला हवं होतं. आज आठवा. पण निम्मं म्हणजे काय, हेही ठरवायला हवं.

१२ मार्च. दुपारी २

नवी पद्धत काढली. काम करताना मनात काही आलं की तिथेच फाइलीत टाइप करायचं आणि वर पांढरा डबा. डोकं मोकळं, फाइल स्वच्छ. आतापर्यंतच्या टिपा: 'मणके कोण मोजतंय'. 'सासूबाई मागे बसल्यात, रेष वाकडी जातेय'. 'मैत्रिणीचा डिझायनर गाढव असणार'.

ही गोष्ट सॉफ्टवेअरमध्येच हवी. विनंती क्रमांक ४२: डिझायनरला स्वतःपुरत्या टिपा लिहिता याव्यात, ज्या छापल्या जाणार नाहीत, कापल्या जाणार नाहीत.

दुपारी ३.१५. तोच उद्धट माणूस. लिहितो, याला लेयर म्हणतात, वेगळ्या लेयरवर ठेवा आणि छपाई बंद करा, पहिल्या आवृत्तीपासून आहे. खाली हसरा चेहरा.

पान बंद केलं. लेयर नवशिक्यांसाठी असतात.

१४ मार्च. सकाळी १०

लेझरवाल्याचा फोन. वयस्कर, सावकाश बोलतो, प्रत्येक वाक्यात साहेब. म्हणाला, साहेब, आरपार अक्षरांत 'प'च्या पोटातला पत्रा सुटून खाली पडतो. तो बाजूच्या पत्र्याला धरून ठेवायला बारीक पूल ठेवा. शिवाय सगळी अक्षरं कर्व्ह्ज करून द्या, म्हणजे टाइप केलेल्याच्या रेषा होतात. आणि मशीनला रंग कळत नाही साहेब, रेष दिसली की कापतं.

मी म्हटलं, ठाऊक आहे, म्हणून तर मी पांढरा वापरतो. पांढरा म्हणजे रंगच नाही. तो बरं म्हणाला. समजावून सांगितलं की लोकांना पटतं.

पूल म्हणजे काय, अक्षरावरून जाणारी पांढरी पट्टी. प्रत्येक पोटावर एक छोटा पांढरा डबा. चाळीस मिनिटांत सगळे पूल तयार. तो दोन दिवस लागतील म्हणत होता.

१५ मार्च. संध्याकाळी ६

फाइल आज द्यायची होती. दिली नाही. घाईत दिलेली फाइल म्हणजे न दिलेलीच. नवी तारीख: १७.

बायकोने विचारलं, झालं का? मी म्हटलं, जवळजवळ. तिने कॅलेंडरवरच्या २४ वर पेनाने आणखी एक गोल काढला. आता तिथे तीन गोल आहेत.

१७ मार्च. दुपारी ४

सॉफ्टवेअर सारखं बंद पडतंय. फाइल जड झालीय म्हणे. विनंती क्रमांक ४३: सॉफ्टवेअर जास्त मजबूत करावं.

सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, जावईबापू, कापड उलटं करून बघितल्याशिवाय मी कधी कात्री लावली नाही. तुमच्या यात उलटं करून बघायची काही सोय आहे का?

आहे. आउटलाइन म्हणून एक कळ आहे, ती दाबली की रंग जातात आणि नुसत्या रेषा दिसतात. मी म्हटलं, आई, ज्यांना स्वतःच्या कामाबद्दल शंका असते ते दाबतात. त्यांनी सुई पिनकुशनमध्ये खोचली. म्हणाल्या, मला तर नेहमी असायची.

१८ मार्च. दुपारी १२

बायको क्लिनिकच्या भिंतींचा रंग बघून येते, पाणी पिते, माझ्या खोलीच्या दारात उभी राहते आणि जाते. विचारत नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं की वेळ आहे.

मैत्रिणीच्या डिझायनरचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. तो काढलेला नाही.

दुपारी आणखी एक टीप लिहिली. इथे उतरवण्यासारखी नाही. लगेच डबा ठेवला, त्यावर आणखी एक ठेवला.

१९ मार्च. सकाळी ११.४०

फाइल गेली! सगळं सिलेक्ट केलं, एका फटक्यात कर्व्ह्ज. डोळ्यांना पाटी अप्रतिम दिसतेय. मणके चोवीस, स्वतः मोजले.

सोबत लेखी मंजुरी: 'मंजूर. फाइलमध्ये कोणताही बदल करू नये. जसं आहे तसं कापावं.' खाली सही. हे कारागीर लोक मध्येच काहीतरी सुधारायला जातात आणि वाट लावतात, म्हणून.

बायकोला सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली. सासूबाईंनी शिरा केला. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि स्वतःचाच हात हातात घेऊन दाबला.

२० मार्च. दुपारी १.१०

लेझरवाल्याचा फोन. म्हणाला, साहेब, माझ्याकडे फार रेषा दिसतायत. चौकोनच चौकोन आहेत. मी म्हटलं, डिझाइन आहे. तो म्हणाला, आत बरंच काही लिहिलेलंही दिसतंय. मी म्हटलं, चांगल्या डिझाइनमध्ये खोली असते.

तो म्हणाला, साहेब, पत्रा एकच आहे, एकदा येऊन बघता का? वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी म्हटलं, मंजुरी वाच. तो म्हणाला, वाचली साहेब. बरं. उद्या कापतो.

फोन ठेवल्यावर उरलेला शिरा उभ्यानेच संपवला.

२१ मार्च. सकाळी ९

मनात आलं की आउटलाइनची कळ एकदा दाबावी. कॉम्प्युटर सुरू केला. बोट कळेवर ठेवलं. मग म्हटलं, आता दाबून काय, अकरा वर्षांत कधी दाबली नाही. कॉम्प्युटर बंद केला.

२२ मार्च. दुपारी २.३०

पाटी आली.

लेझरवाला स्वतः घेऊन आला. कापडात गुंडाळलेली, कडांना पुठ्ठा लावलेला. सोबत एक पिशवी. म्हणाला, साहेब, पडलेले तुकडेही आणलेत, तुमचं काही वाया घालवलं नाही. माझ्याकडे न बघता चपला घालून गेला.

पत्र्याला खिडक्या आहेत. प्रत्येक पांढरा डबा मशीनने इमानेइतबारे कापला. मणक्यांच्या जागी मोठं चौकोनी भोक. तिच्या नावातली सगळी पोटं गळालेली, पुलांसकट. 'क्लिनिक'च्या जागी एक लांबट दार.

बायको भिंतींच्या रंगाच्या शेवटच्या हाताला गेली होती. सासूबाईंनी पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली आणि चष्मा लावून तुकडे लावायला घेतले, बेतलेलं कापड लावतात तसे. मी म्हटलं, आई, राहू द्या. त्या म्हणाल्या, लावल्याशिवाय कळणार कसं. डब्यांखालची सगळी अक्षरंही आरपार कापलेली. काना-मात्रा, सगळं. पोटं गळाली होती, पण वाचता येत होतं, दुर्दैवाने.

'मणके कोण मोजतंय.'

'सासूबाई मागे बसल्यात, रेष वाकडी जातेय.' हा त्यांनी दोनदा वाचला. मोडा उचलला आणि भिंतीशी नेऊन ठेवला.

'मैत्रिणीचा डिझायनर गाढव असणार.'

शेवटचा तुकडा तळहाताएवढा होता. तो त्यांनी वाचला आणि पालथा घातला. तेवढ्यात बायको आली.

संध्याकाळी ६. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. भोकांतून पलीकडची भिंत बघत उभी राहिली. मग एकेक तुकडा वाचला. पालथा होता तो सुलटा केला.

'मला हे येत नाही. तिला कसं सांगू.'

१८ तारखेची टीप. दोन डबे ठेवले होते तिच्यावर.

तिने विचारलं, हे कधी लिहिलंस? मी तारीख सांगितली. ती म्हणाली, तेव्हा सहा दिवस होते. नुसतं म्हणाला असतास. मी म्हटलं, तूच विचारलं नाहीस. ती म्हणाली, पेशंटही असंच करतात, दुखतं ती जागा सोडून सगळीकडे हात लावू देतात. आणि रडली. पाटीसाठी रडली की माझ्यासाठी, विचारायचं धाडस झालं नाही. मला फार वाईट वाटलं. हे मात्र लिहून ठेवतो, उघड्यावर.

२३ मार्च. दिवसभर

सासूबाईंनी शिवणाचं मशीन काढलं. जाड निळं कापड, त्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं. मला शिरोरेषा धरून ठेवायचं काम. अक्षरं कापायच्या आधी कापड उलटं करून त्यांनी मला दाखवलं. बघितलं. ठीक होतं.

मणके त्यांनी भरतकामाने काढले. चोवीस. मोजावे लागले नाहीत, त्यांनी आधी मुलीला विचारून घेतलं होतं.

२४ मार्च. सकाळी ११.३०

उद्घाटन वेळेवर झालं. कापडी पाटी दारावर आहे, वाऱ्याने सारखी उलटते. दिवसभर तिचं खालचं टोक धरून उभं राहायचं काम माझ्याकडे.

तळहाताएवढा तो पितळी तुकडा बायकोने घासून टेबलावर उभा केलाय, पेशंटच्या बाजूला तोंड करून. पहिली पेशंट एक म्हातारी बाई, गुडघेदुखी. तिने मोठ्याने वाचलं, मला हे येत नाही. घाबरून विचारलं, डॉक्टरीणबाई, तुम्हाला येत नाही?

बायकोने दाराकडे बोट दाखवलं. म्हणाली, मला येतं. त्यांना येत नाही.

म्हातारीने वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती बाई एकदम सैलावली आणि म्हणाली, खरं सांगू का, दुखतोय तो गुडघा हा नाही, दुसरा.

विनंती क्रमांक ४४ डोक्यात तयार होती. पाठवली नाही. दोन्ही हात पाटीला होते.